बांधावर राहिलेली हाक

फाल्गुन अमावास्या, शके १९२५. इंग्रजी महिना मार्च, साल २००४. स्थळ: बाली बेट, भाताच्या खाचरांमधलं एक गाव. हजर: मी, आमचे हे, ह्यांच्या मोठ्या बहीण, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, आणि आक्कांचे यजमान, आमचे दाजी. शिवाय जिच्या घरी उतरलो होतो ती घरमालकीण वायानबाई. गैरहजर: कोणी नाही. सहलीच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर मी असंच लिहिलं होतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. यंदाची अमावास्या काल झाली, आज पाडवा. सकाळी कडुलिंबाचा डहाळा आणायला निघाले, तर तिकटीवर, म्हणजे आमच्या गल्लीला तीन रस्ते मिळतात तिथं, कुणीतरी उतारा ठेवलेला होता. दहीभात, अर्धं लिंबू, गुलाल आणि विझलेली उदबत्ती. लहानपणापासूनची सवय, मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेले. पलीकडे पोचल्यावर उदाचा वास आला, ताजा, जळत्या उदबत्तीचा. इकडच्या उदबत्तीला तसा वास येत नाही. कुठून आला ते बघायला मी मागं वळले नाही. डहाळा घेतला, घरी आले, गुढी उभी केली.

ह्यांचा शिरोली एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करायचा कारखाना आहे. एका गिऱ्हाइकानं दोघांची परदेश सहल बक्षीस दिली, उरलेल्या दोघांचे पैसे घालून आम्ही चौघं गेलो. आक्का गारगोटीजवळच्या, घरची भातशेती. तोवरचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास तुळजापूरपर्यंतचा. सामानाच्या याद्या मी केल्या, पासपोर्ट एका पिशवीत मी सांभाळले, कुणाच्या बॅगेत काय आहे ते मला पाठ होतं. आक्कांच्या बॅगेत एक अख्खा डबा कांदा-लसूण चटणी होती. ती यादीत नव्हती.

आक्कांच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. त्या गारगोटीहून फोन करायच्या तेव्हा मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची, तरी स्वयंपाकघरातून ह्यांना सगळं ऐकू जायचं. माहेरी मला शालू म्हणत. सासरी मी वैनी, काकी, अगं, जे असेल ते. पूर्ण नावानं मला एकट्या आक्काच हाक मारायच्या. "शालनऽ" अशी, शेवटचा ‘न’ पार दुसऱ्या शिवारात नेऊन सोडल्यासारखी.

त्या गावातली पहिली सकाळ. फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि चौघंही उंबऱ्यातच थबकलो. पायरीखाली, रस्त्याच्या मधोमध, पानाचा एक छोटा चौकोनी द्रोण. त्यात चिमूटभर भात, तांबडी-पांढरी-पिवळी फुलं, वर जळती उदबत्ती. शेजारच्या दारात तसाच. त्याच्या पुढच्या दारात तसाच. दुकानापुढं, झाडाच्या बुंध्याशी, पुलाच्या कठड्यावर, स्कूटरच्या सीटवरसुद्धा.

"शालन, ह्या गावाला कुणी करणी केलीया व्हय गं?" आक्का म्हणाल्या. "दर दारात उतारा ठेवलाय."

"गप चल की," दाजी म्हणाले. "वलांडू नको म्हंजे झालं."

"वलांडू नको म्हंतायसा, पर पाय कुठं ठेवू? तुमच्या डोस्क्यावर?"

कोल्हापूरच्या माणसाला उतारा ओलांडवत नाही. शिकलेला असो, कारखानदार असो, पाय आपोआप वळतो. आम्ही भर रस्त्यातून एकामागं एक, नागमोडी चालत होतो. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. दोन दिवस असेच चाललो. तिसऱ्या दिवशी वायानबाईंनी विचारलं, तुमच्या पायांना काही झालं आहे का. पाहुण्यांशी बोलून बोलून त्यांना मोडकं इंग्रजी येत होतं, आमचंही तेवढंच होतं, त्यामुळे जमलं. मी सांगितल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, कुणी कुणावर टाकलेलं नाही ते. रोजचं जेवण आहे. वरच्यांना वर ठेवायचं, देव्हाऱ्यात. खालच्यांना खाली, जमिनीवर. दोघांनाही भूक असतेच. जेवण झालं की मग त्या द्रोणावरून कुत्रं गेलं, कोंबडी गेली, पाय पडला, काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या. बांबूच्या काडीनं पानाचे कोपरे टाचत होत्या. वायानबाई चटणी चाखून डोळे पुसत होत्या. मी मात्र शेवटपर्यंत रस्त्याच्या मधूनच चालले.

वायान हे पहिल्या मुलाचं नाव. दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवं झालं की पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी, सगळ्या बेटावर हीच नावं. मला हे फार आवडलं होतं. नावावरून घरातला क्रम कळतो, गोंधळ नाही. मी वायानबाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, हे तर बाहेरच्यांना सांगायचं नाव. आत प्रत्येकाचं आणखी एक असतं, एकट्याचं.

भातखाचरं घरामागूनच सुरू होत होती. डोंगराच्या अंगावर पायऱ्या, प्रत्येक पायरीत आकाश. एका खाचरातलं पाणी बांधातल्या भोकातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. पाणी जिथं शेतात शिरतं तिथं एक दगड, त्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं फडकं गुंडाळलेलं. मोठ्या झाडांनाही तसंच, कमरेला. लांबून बघितलं की माणसं उभी आहेत असं वाटायचं. जवळ गेलं की झाड, आणि परत लांब गेलं की पुन्हा माणसं. पाखरं हाकलायला बांबूच्या फिरक्या लावलेल्या. वारा आला की त्या घरघरायच्या, आणि वारा थांबल्यावर लगेच थांबायच्या नाहीत.

आक्का तिथं माहेरी आल्यासारख्या हिंडल्या. हात पाण्यात घालून गाळ बघितला. लोंबी चोळून दाणा दाताखाली घेतला. टोकदार टोपीवाल्या शेतकऱ्याला हाक मारली, "पावणं, एकरी किती पोती पडत्यात?" तो हसून त्याच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगत राहिला.

"बघ, म्हंतोय ह्या साली पाणी बरं हाय."

"तुम्हाला कळलं?"

"भाताचं बोलाय भाषा कशाला लागत्या?"

एकच गोष्ट त्यांना खटकली. एका खाचरात बायका रोप लावत होत्या. त्याला लागून दुसऱ्यात कापणी चालू होती. तिसऱ्यात धसकटं, आणि त्यात बदकं सोडलेली. गारगोटीला आषाढात लावणी, दिवाळीच्या आगंमागं कापणी, दुसरं काही होऊच शकत नाही. आक्का बांधावर उभ्या राहून तिन्हीकडे बघत होत्या. "हितं कुठला म्हैना चाललाय काय कळंना झालंय बघ," त्या म्हणाल्या. "असल्या जागी माणूस आलेलं कळायचं न्हाय, गेलेलं कळायचं न्हाय."

हे बोलल्या ती अमावास्येची दुपार होती. वरच्या अंगाला पाण्याचं देऊळ आहे, तिथवर जाऊ म्हणून त्या पुढं निघाल्या. आम्ही तिघं मागं. बांध अरुंद, एका पावलाचा. मी खाली बघून चालले होते. मान वर केली तर पुढं आक्का नव्हत्या. खालच्या खाचरात, कमरेएवढ्या भातात, त्या पाठीवर पडल्या होत्या. डोळे उघडे, वर आकाशाकडे.

मुंगी चावली तरी गल्ली गोळा करणारी बाई, पण पडताना आवाज आला नव्हता. ना त्यांच्या तोंडून, ना पाण्याचा. भाताची रोपं त्यांच्याभोवती उभीच होती, मोडलेलीसुद्धा नव्हती.

ह्यांनी आणि दाजींनी उतरून वर काढलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. दाजी म्हणाले, "लागलं काय गं?" आक्कांनी मान हलवली. तेव्हापासूनच मान हलवणं सुरू झालं.

घरी आलो तर वायानबाईंनी चिखल बघून आधी जागा विचारली, जखम नंतर. मग मला बाजूला घेऊन सांगितलं. माणूस असं दचकून पडलं की त्याच्यातलं थोडं त्या जागीच राहतं. अंग उठून घरी येतं, ते येत नाही. घरच्या माणसानं तिथं परत जायचं. भात, फुलं, पाणी ठेवायचं. नाव घेऊन तीनदा हाक मारायची, चल घरी म्हणायचं, आणि मागं न बघता यायचं. मुलं झाडावरून पडली तरी आम्ही हे करतो, त्या म्हणाल्या, अगदी सर्दीला काढा द्यावा तशा आवाजात.

मी लगेच विचारलं, आत्ता जाऊ? त्यांनी उन्हाकडे बघितलं. म्हणाल्या, आज नाही. आज संध्याकाळी खालच्यांना हाकलून काढायचं असतं, सगळे शेतातच जमतात. उद्या? उद्या कुणीच घराबाहेर पडायचं नाही. परवा? परवा सकाळीच आमचं विमान होतं. वायानबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि उरलेले द्रोण टाचायला घेतले.

"पडली, उठली. त्यात काय एवढं," दाजी म्हणाले. मलाही त्या वेळी तसंच वाटलं.

संध्याकाळी गावानं पातेली, डबे, पत्रे, जे मिळेल ते बडवलं. कागदा-बांबूचे राक्षस खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. घराएवढी तोंडं, लोंबत्या जिभा, नखं. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत आक्का लेझीमवाल्यांच्या पुढं जाऊन नाचायच्या. इथं त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. राक्षस अंगावरून गेले तेव्हा सगळे मागं सरकले. आक्का सरकल्या नाहीत. त्या मिरवणुकीच्या वरून, मागच्या काळोख्या शेताकडे बघत होत्या.

दुसरा दिवस पाडवा. वायानबाईंच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं, त्यावर त्यांच्या नव्या वर्षाचा आकडा १९२६. माझ्या पिशवीतल्या पंचांगात शके १९२६. तोच आकडा, तोच दिवस. मी हरखून गेले. तांब्या, खण, साखरेची गाठी, सगळं यादी करून आणलं होतं. काठी मागायला गेले तर वायानबाईंनी माझ्या हातातला तांब्या माझ्याच पदराखाली झाकला.

आज उंच काही लावायचं नाही. चमकणारं तर नाहीच. दिवा नाही, चूल नाही, काम नाही, रस्त्यावर पाऊल नाही. काल हाकललेले सगळे आज वरून उडत जातात. त्यांना खाली बेट रिकामं दिसलं पाहिजे. इथं कुणी राहत नाही असं वाटलं की ते पुढं जातात.

त्या दिवशी विमानतळही बंद होता. आपण ज्या दिवशी सगळ्यांना दिसावं म्हणून काठी उभी करतो, त्याच दिवशी हे लोक कुणालाच दिसू नये म्हणून बसतात. मी गुढी छत्रीच्या दांड्यावर बांधून खोलीच्या कोपऱ्यात, दाराआड उभी केली. खाली मान घालून उभ्या केलेल्या पोरीसारखी ती दिसत होती. मी दिवसभर तिच्याकडे बघायचं टाळलं.

एका अख्ख्या बेटाचा आवाज बंद झाल्यावर काय ऐकू येतं ते सांगता येत नाही. आधी पाणी. बांधातल्या भोकातून पडणारं, सगळ्या पायऱ्यांवरून एकदम. मग स्वतःच्या बांगड्या. दुपारी भिंतीपलीकडून पावलं गेली. चौकड्याची लुंगी नेसलेले गावचे राखणदार, कुणी बाहेर पडतंय का बघणारे. मग पुन्हा पाणी.

तिन्हीसांज झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वेळेला दिवा लावला नाही. हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसले होते, शेजारी आक्का. हे आणि दाजी आत आडवे झाले होते. उजेड गेला तो हळूहळू नाही, झाडाझाडातून काढून घेतल्यासारखा गेला. आक्कांचा चेहरा जेमतेम दिसत होता तेव्हा भिंतीपलीकडून, शेताकडून हाक आली.

"शालनऽ"

शेवटचा ‘न’ दुसऱ्या शिवारात नेऊन सोडलेला.

मी शेजारी बघितलं. आक्का तिथंच होत्या, तोंड मिटलेलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात पाण्यातून काढल्यासारखा गार होता. त्याही भिंतीकडेच बघत होत्या. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

माझ्या आईनं लहानपणी घालून दिलेला नियम आहे. तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. आपलं माणूस असेल तर तिसरी मारतं, दुसरं कुणी असेल तर मारत नाही. मी ओ दिली नाही. दुसरी हाक आली, जरा लांबून, वरच्या बांधाच्या अंगानं. आक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आई दार उघडायला उठते की नाही हे बघणाऱ्या मुलासारखं. मी तिसरीची वाट बघत बसले.

तिसरी आली नाही. पाणी पडत राहिलं.

हे म्हणतात, ती छपरातली पाल. तिकडं वीतभर लांबीच्या पाली असतात, त्या हाक मारल्यासारख्या ओरडतात. खरं आहे. पण ती पाल मी आठवडाभर ऐकली होती. तिला माझं नाव येत नव्हतं.

उजाडल्यावर बंदी उठली तसे लगेच निघालो. गाडीत आक्का खिडकीशी बसल्या. गावाबाहेर वळणावर त्यांनी काच खाली केली आणि वळण संपेपर्यंत बाहेर हात धरून ठेवला, तळवा उघडा, कुणाला तरी चढवून घेतात तसा. मग काच वर केली.

तेव्हापासून आक्का चांगल्या आहेत. विचारणाऱ्याला मी हेच सांगते. कोल्हापुरात तपासण्या केल्या, सगळ्यांत काही नाही. भाकऱ्या थापतात, जनावरांचं बघतात, लावणीला जातात. पण फोनवर त्यांचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येतो. "व्हय," म्हणतात. "बरं हाय," म्हणतात. रिसीव्हर कानात घुसवला तरी तेवढंच. गेल्या पाच वर्षांत त्यांनी मला हाक मारलेली नाही. काही हवं असलं तर येऊन जवळ उभ्या राहतात.

दाजी एकदा शिरोलीला ह्यांच्याकडे आले होते, येताना घरी डोकावले. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "आदी म्हनायचो, जरा हळू बोल, गल्ली ऐकतीया. आता घरात पातेलं पडलं तरी बरं वाटतंय बघा."

गेल्या दिवाळीआधी मी गारगोटीला गेले होते. कापणीला आलेलं भात, उन्हं उतरलेली. आक्का बांधावर उभ्या, मान एका बाजूला कललेली. मी मागून गेले.

"काय ऐकताय, आक्का?"

"कोनतरी हाक मारतंय बघ," त्या म्हणाल्या. "पर लांब हाय. मला येता येईना, त्येला येता येईना."

वाऱ्यानं लोंब्या हलल्या. आमच्याकडे बांबूच्या फिरक्या लावत नाहीत. तरी थोडा वेळ घरघर ऐकू आली, वारा थांबल्यावरही.

घरी येऊन मी वायानबाईंना फोन लावला. जुन्या वहीत नंबर होता. चार वर्षांनी बोलत होतो, पण त्यांनी ना नाव विचारलं ना गाव. आधी विचारलं, "बहीण पूर्ण घरी आली का?"

मी सांगितलं, नाही. विनंती केली की तुम्ही जा, जागा तुम्हाला माहीत आहे, भात-फुलं ठेवा, हाक मारा. त्या म्हणाल्या, "माझ्या आवाजाला ती का उठेल? घरचं माणूस हवं. आणि नाव घ्यायला हवं. काय नाव?"

"आक्का."

"आक्का म्हणजे?"

"मोठी बहीण."

"मग ते नाव नाही. त्या शेतात मोठ्या बहिणी पुष्कळ आहेत."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसले. आक्कांचं नाव हौसा. पासपोर्टावर हौसाबाई. पण मोठ्या नणंदेचं नाव मी कशी घेणार? लग्न होऊन आल्यापासून ते माझ्या तोंडात आलेलं नाही. ह्यांच्या थोरल्या बहीण, हेही आक्काच म्हणतात. मुलं आई म्हणतात, गाव हौसाकाकी नाही, पाटलीणकाकी म्हणतं. आई-वडील कधीच गेले. मी दाजींना विचारलं.

"घेतल्यालं की एकदा," दाजी म्हणाले. "लग्नात, घास भरवताना. पुना काय गरजच पडली न्हाय. घरातच असायची."

म्हणजे जगात त्या नावानं त्यांना हाक मारणारं कुणीच उरलेलं नाही. ते जे कोणी त्या बांधावर बसलं आहे, त्याला आम्ही पाच वर्षं आक्का म्हणून आठवतो आहोत. त्याला वाटत असेल, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत.

आज पाडव्याला आक्का आणि दाजी जेवायला आले आहेत. पुरणपोळी झाली. हे आणि दाजी गुढी उतरवायला गच्चीवर गेले. मी दिवा लावला, वात पुढं सारली. आक्का पुढच्या पायरीवर बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणून बघितलं.

"हौसा."

शेवटचा ‘सा’ ओठांतच राहिला. कुणाची तरी वस्तू न विचारता उचलल्यासारखं वाटलं. आक्का वळल्या नाहीत. पण त्यांची मान हळूच वर झाली. त्या फाटकाबाहेर, तिकटीकडे बघायला लागल्या, आणि तशाच बघत राहिल्या. गच्चीवरून हे खाली येईपर्यंत.

पासपोर्टांची मुदत आहे, मी पाहून ठेवली. वायानबाई म्हणाल्या, कधीही या, तिथं महिना कुठला चाललाय ह्याला महत्त्व नाही. बरोबर न्यायचं सामान तेवढंच, भात, फुलं, पाणी, आणि ती तिथंही मिळतात. मी एकटीच गेले तरी चालेल. आजची हाक धरायची नाही, ती कोल्हापुरात मारलेली होती, आणि पुरती निघालीही नव्हती. तीन हाका अजून बाकी आहेत.